गोवंडीच्या बाजूचं कॉलेज

आमच्या घरात थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बोलत नाहीत. भांडण नाही, रीत आहे. लग्न होऊन मी मुंबईत आले तेव्हा सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, थोरल्यासमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. पुढे पदर सुटला, मी ड्रेस घालायला लागले, पण न बोलण्याची रीत राहिली. भाऊजींना पाणी हवं असलं की ते माझ्या नवऱ्याला म्हणतात, "पाणी द्यायला सांग." मी तिथेच उभी असते. नवरा म्हणतो, "पाणी दे." मी पाणी नवऱ्याच्या हातात देते, नवरा भाऊजींच्या हातात देतो. घर म्हणजे घाटकोपरला डोंगराच्या उतारावरची एक खोली आणि वर पोटमाळा. तेवढ्या जागेत निरोप असे गोल फिरतात. माझा नवरा म्हणतो, "मी शाळेची बस चालवतो ते पोटासाठी. खरं तर मी या घरचा पोस्टमन."

मला या रीतीचा कधी त्रास झाला नाही. मी मुळातच कमी बोलते. दुकानात गर्दी असली तर मी मागे उभी राहते आणि माझ्यानंतर आलेल्या बायका सामान घेऊन जातात. त्यामुळे ज्याच्याशी बोलायचंच नाही असं एक माणूस घरात आहे, ही मला सोय वाटायची. मुलीच्या कॉलेजचा विषय निघाला तेव्हा ती सोय संपली.

मुलीला इंजिनियर व्हायचं होतं. का व्हायचंय, ते मी तिला विचारलं नाही. मी चौथी शिकले. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची खाडीपलीकडे. "पुढे शिकून काय करणार?" असं मला विचारणारे तेव्हा गावभर होते. उत्तर मला देता आलं नाही, म्हणून मी घरी बसले. तोच प्रश्न मी माझ्या पोरीला कशाला विचारू?

बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली. मार्क वाईट नव्हते आणि फार मोठेही नव्हते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊजी पेढे घेऊन आले. ते अंधेरीच्या एका कंपनीत शिपाई म्हणून लागले होते, आता तिथलं स्टोअर सांभाळतात. आमच्या गावचं मुंबईत मंडळ आहे, त्याचे ते सेक्रेटरी. मंडळात त्यांचा शब्द चालतो आणि आमच्या घरातही चालत होता.

"बाय, तुझ्या आईला सांग," ते मुलीला म्हणाले, "इंजिनियरिंग करायचं तर नाव असलेल्या कॉलेजात करायचं. नाहीतर बी.कॉम. कर आणि बँकेच्या परीक्षा दे."

"आई ऐकतेय, मोठे काका."

"ऐकतेय ते मला दिसतंय. तरी सांग."

"आई, मोठे काका म्हणतायत, नाव असलेल्या कॉलेजात."

मी म्हटलं, "त्यांना विचार, नावाची फी किती असते?"

भाऊजी हसले. माझ्या बोलण्यावर ते बहुधा पहिल्यांदाच हसले असतील. मग त्यांनी त्यांच्या कंपनीतली हकीकत सांगितली. दोन मुलं एकाच दिवशी नोकरीला लागली. एक अंधेरीकडच्या मोठ्या कॉलेजातला, दुसरा कुठल्याशा आडबाजूच्या कॉलेजातला. पहिल्याला वर साहेबांच्या मजल्यावर जागा मिळाली, दुसऱ्याला खाली भाऊजींच्या स्टोअरच्या शेजारी. "काम दोघांचं सारखंच," ते म्हणाले. "पण खालच्याला चहा स्वतः आणायला लागतो." ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी आयुष्यभर साहेबांच्या मजल्यावर चहा नेला आहे. कोणाला नेऊन द्यायचा आणि कोण स्वतः येऊन घेतो, हे त्यांनाच माहीत असणार. हे मी तेव्हाही मान्य केलं होतं, आजही करते.

तरी मी ठरवलं की कॉलेजं आपण स्वतः बघायची. मी सकाळी पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते, दुपारी मोकळी होते. मुलीला घेऊन मी निघायचे. ती म्हणायची, "आई, सगळं मोबाईलवर दिसतं गं." मी म्हणायचे, "मोबाईलवर मला कोणी आत सोडत नाही की अडवत नाही. तिथे जाऊन बघू, अडवतात का."

बोरिवलीकडच्या एका कॉलेजात अडवलं. अपॉइंटमेंट आहे का म्हणाले. नव्हती. गेटवरूनच एक चकचकीत पुस्तिका दिली, तिच्यात हसणारी मुलं होती आणि फीचा आकडा कुठेही नव्हता. मुलुंडला एका ठिकाणी आत सोडलं, पण तिथे तिला हवे तसे विषय नव्हते.

अंधेरीच्या मोठ्या कॉलेजात मात्र आदराने आत घेतलं. लादी अशी की मला चपला काढाव्याशा वाटल्या. थंडगार हवा, सोफे. तिथे मी मुलीला शिकवून ठेवलेला प्रश्न विचारायला लावला, "पहिल्या वर्षाची नको, चारही वर्षांची फी सांगा." समोरची बाई गोड हसून म्हणाली, "फीचं आमच्या काउन्सेलर मॅडम नीट समजावतील." काउन्सेलर मॅडम जेवायला गेल्या होत्या. आम्ही बसलो. समोर भिंतीवर काचेच्या आत कागद लावले होते. मला वाटलं पास झालेल्यांची नावं. मुलगी जवळ जाऊन वाचून आली आणि माझ्या कानात म्हणाली, "आई, फी बाकी असलेल्यांची नावं आहेत. ही भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाहीत असं लिहिलंय." तिचा आवाज बारीक झाला होता. मग म्हणाली, "सगळ्यांनी वाचावीत म्हणून लावलीत."

शिकवणं कुठे चांगलं, हे मला कळत नव्हतं आणि कळल्यासारखं मी दाखवतही नव्हते. पण चारचौघांत नाव लावणं मला कळतं.

गोवंडीच्या बाजूचं कॉलेज शेवटी बघितलं. घाटकोपरहून बसने चेंबूर आणि मग थोडं पुढे. जुनी इमारत, अर्धी रंगवलेली, अर्ध्या भागाला अजून बांबू बांधलेले. वारा फिरला की डंपिंगच्या कचऱ्याचा वास येतो, ते खोटं कशाला सांगू? ऑफिसात एक बाई डबा खात होती. "दहा मिनिटं थांबा हं," म्हणाली. डबा झाकला, हात धुऊन आली, आणि मुलीने चार वर्षांच्या फीचं विचारल्यावर ड्रॉवरमधून छापलेला कागद काढून दिला. काही समजावलं नाही. कागद दिला आणि म्हणाली, "घरी नेऊन बघा." एवढंच. खाली मशीन चालल्याचा आवाज येत होता. एक मुलगा तेलकट हाताने पाणी प्यायला आला, त्याने आम्हाला वाट करून दिली.

बसमध्ये मुलगी म्हणाली, "भारी नाहीये काही."

"नाहीये," मी म्हटलं.

"पण मला तिथे लाज नाही वाटली."

मलाही वाटली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे ओबीसीचा दाखला आहे आणि आमचं उत्पन्न कमी आहे. अशा घरच्या मुलींची शिकवणीची फी सरकारने माफ केली आहे. पण ती कोणाला? जिला सरकारी यादीतून जागा मिळते तिलाच. आपल्या पसंतीच्या कॉलेजांची नावं क्रमाने भरायची, मार्कांप्रमाणे त्यातलं एक आपल्याला मिळतं, आणि ठरलेल्या दिवसांत मूळ कागद घेऊन तिथे हजर व्हायचं. झालं नाही तर ती जागा जाते. कॉलेजवाले काही जागा स्वतःच्या हाताने देतात, त्यांना मॅनेजमेंटच्या म्हणतात. त्या जागेला माफी नाही. पूर्ण फी आपली आपण भरायची.

मुलीने नावं भरली. अंधेरीचं वर भरलं होतं, मीच भरू दिलं, माफीसकट मिळालं तर कशाला सोडा? मार्क तिथपर्यंत पोचले नाहीत. जागा मिळाली ती गोवंडीच्या बाजूच्या कॉलेजात. विषय इलेक्ट्रॉनिक्स. तिला कॉम्प्युटर हवं होतं. संध्याकाळभर ती पोटमाळ्यावर तोंड भिंतीकडे करून पडली होती.

बातमी पसरली तशा बायका आल्या. माझी जाऊ, म्हणजे भाऊजींची बायको, चौकटीतूनच म्हणाली, "गोवंडी? अगो, लोक तिथून बाहेर पडायला बघतात आणि तू पोरीला तिकडे धाडतेस? कपड्यांना वास लागेल."

"कपडे मी धुते," मी म्हटलं.

"आणि स्थळ बघायला आल्यावर काय सांगशील?"

"इंजिनियर आहे म्हणून सांगेन."

"कुठली?"

"आमची."

जावेशी मी एवढं बोलू शकते. ती माझ्यापेक्षा मोठी असली तरी आम्ही एका नळावर भांडून मैत्रिणी झालेल्या आहोत.

त्या रविवारी मंडळाची मीटिंग होती. आम्ही गेलो नव्हतो. भाऊजींनी तिथे उठून सांगितलं की आपल्या वाडीतली पहिली मुलगी अंधेरीच्या मोठ्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनियरिंगला जाणार. टाळ्या झाल्या. आम्हाला हे कळलं ते संध्याकाळी, भाऊजींच्याच तोंडून, आणि तेही माझ्या नवऱ्यामार्फत.

"त्यांच्या ओळखीतून मॅनेजमेंटची जागा मिळतेय," नवरा म्हणाला. भाऊजी शेजारीच बसले होते.

"त्यांना विचारा, फी?"

"पहिल्या वर्षाची ते भरतायत."

"आणि पुढची?"

नवऱ्याने भावाकडे पाहिलं. भाऊजी छताकडे बघत म्हणाले, "पुढचं पुढे बघू. गावचं घर आहे, वाटा आहे तुझा. असं कुणाचं अडतं का?"

म्हणजे गावच्या घरातला आमचा वाटा विकायचा. तो वाटा जाऊन घर त्यांचं होईल, असं त्यांच्या मनात होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या मनात तेवढं वाकडं नव्हतं. त्यांच्या मनात टाळ्या होत्या. पण "पुढचं पुढे बघू" हे वाक्य मी माहेरी फार ऐकलेलं आहे. पुढे बघायची वेळ येते तेव्हा ज्यांनी ते म्हटलेलं असतं ते दुसरीकडे बघत असतात.

"नुसतं जाऊन बोलून येऊ," भाऊजी म्हणाले. "ओरिजिनल कागद मात्र सोबत घ्यायला सांग. झेरॉक्सवर ते लोक बोलत नाहीत."

त्यांनी ठरवलेला दिवस नेमका गोवंडीला हजर व्हायचा शेवटचा दिवस निघाला. नवऱ्याला बस सोडता येत नव्हती. "जाऊन ये," तो सकाळी म्हणाला. "नको असेल तर नको म्हण."

"कोणाला म्हणू? त्यांच्याशी मी बोलत नाही."

तो डोक्याला हात लावून म्हणाला, "तू आणि दादा, मध्ये पोस्टमन नाही. वाट लागली!"

मेट्रोने आम्ही अंधेरीला गेलो. भाऊजी इस्त्रीच्या शर्टात पुढे, आम्ही मायलेकी मागे. मुलीचे कागद एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये, फाईल माझ्या पिशवीत, पिशवी पोटाशी. मला वाटलं होतं मुलगी मध्ये असेल, तिच्यामार्फत बोलणं होईल. पण पोचल्या पोचल्या तिला दुसरीकडे नेलं. मुलांना कॉलेजची फिल्म दाखवतात म्हणे. पालकांनी काउंटरला यायचं. मी आणि भाऊजी एका टेबलासमोर शेजारी शेजारी बसलो. इतक्या वर्षांत आम्ही शेजारी बसलो असू ते फक्त लग्नाच्या फोटोत.

टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र. "पेरेंट कोण?"

"मी काका," भाऊजी म्हणाले. "ह्या आई."

"ओके. मॅम, ओरिजिनल्स द्या, आणि इथे साइन करा. सर, बुकिंगचं तुम्ही भरताय ना?"

भाऊजींनी खिशातून पाकीट काढलं. म्हणजे नुसतं बोलायला आलो नव्हतो. मी पिशवी घट्ट धरली. भाऊजी माझ्याकडे न बघता त्या मुलीला म्हणाले, "मॅडम, त्यांना सांगा फाईल द्यायला."

काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. "मॅम, फाईल देता?"

परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मला नेहमीच अवघड जातं. पण भाऊजींशी बोलण्यापेक्षा तिच्याशी बोलणं मला सोपं गेलं. मी म्हटलं, "मॅडम, त्यांना विचारा, पुढची तीन वर्षं कोण भरणार?"

"सर, त्या विचारतायत की..."

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, ते माझ्यावर सोडा."

"मॅम, सर म्हणतायत..."

"ऐकलं."

ती बिचारी एकदा भाऊजींकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही एकत्रच आलात ना?"

"एकाच घरचे आहोत," भाऊजी म्हणाले.

मागे रांगेतल्या एका बाईला हसू आलं. मला नाही आलं. मी विचारलं, "मॅडम, इथे कागद दिले आणि परत हवे झाले तर?"

"कॅन्सलेशनची प्रोसेस आहे मॅम."

"आज मिळतील का? आम्हाला हेच कागद आज पाचच्या आत गोवंडीला दाखवायचे आहेत. तिथे सरकारी यादीतून जागा लागलीय."

ती मुलगी प्रामाणिक निघाली. तिने आवाज खाली आणला. "आज नाही मिळणार मॅम. आणि तिथे गेला नाहीत तर ती सीट जाईल. तुम्ही नीट ठरवा."

"ठरलंय," भाऊजी म्हणाले.

"त्यांना सांगा, नाही ठरलं."

भाऊजींचा आवाज चढला आणि आवाज चढला की त्यांच्या तोंडून गावची भाषा येते. त्या मुलीला काय कळणार होतं, तरी तिच्याचकडे बघून म्हणाले, "चेडवाच्या जल्माची माती करतली ही! तिका काय कळता?" पोरीच्या जन्माची माती करणार म्हणे मी.

"त्यांना सांगा, कळत नाही म्हणूनच विचारतेय. ज्यांना कळतं त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही."

ती मुलगी आता काहीच पोचवत नव्हती. पेन हातात धरून बसली होती. आणि तेव्हा भाऊजी खुर्चीतल्या खुर्चीत वळले आणि थेट माझ्याशी बोलले. लग्नानंतर पहिल्यांदा. "मी मंडळात सांगून बसलोय. माझं तोंड काय राहील?"

ते ओरडले नाहीत. विनवल्यासारखं बोलले. म्हणून मला जास्त जड गेलं. ओरडले असते तर मी नेहमीसारखी गप्प बसून पिशवी धरून राहिले असते. विनवणाऱ्याला गप्प राहून उत्तर देता येत नाही.

मी त्यांच्याकडे पाहिलं. कानाजवळचे केस पिकलेले मला त्या दिवशी दिसले. मी म्हटलं, "भाऊजी, मंडळाला सांगा, आईने नाही म्हटलं. माझं नाव घ्या. चौथी शिकलेली बाई, तिला अक्कल नाही, असं सांगा. मी काही बोलणार नाही. पण कागद देणार नाही."

"आणि पोरीला कॉम्प्युटर हवंय त्याचं काय?"

हा प्रश्न खरा होता. "तिला विचारते," म्हणून मी उठले.

फिल्मच्या खोलीतून तिला बाहेर बोलावून घेतलं. अंधारातून आल्यामुळे ती डोळे बारीक करत होती. सगळं सांगितलं. कागद आत्ता दिले तर कॉम्प्युटर, पण गोवंडी गेलं आणि माफी गेली. नाही दिले तर इलेक्ट्रॉनिक्स. "मला नको वाटतं," मी म्हटलं. "पण शिकायचं तुला आहे. तू हो म्हणालीस तर मी सही करेन आणि पुढची वर्षं जमेल तसं बघेन."

रागावली होती, ते दिसत होतं. माझ्यावर, काकांवर, स्वतःच्या मार्कांवर. मग म्हणाली, "काकांनी दिलेलं कॉम्प्युटर मी चार वर्षं कसं शिकू गं? दर पेपरनंतर विचारायला येतील. आणि पुढच्या वर्षी माझं नाव त्या काचेत गेलं तर?" नाक पुसत म्हणाली, "चल. पाचच्या आत पोचायचंय ना?"

आम्ही काउंटरपाशी गेलो. मी त्या मुलीला म्हटलं, "नको आम्हाला." भाऊजी तसेच बसून होते, पाकीट मांडीवर. त्यांना एकट्याला तिथे सोडून निघताना मला वाईट वाटलं. पण मी थांबले नाही. थांबले असते तर ते उठून पुन्हा बोलले असते, आणि मी पुन्हा नाही म्हणू शकले असते की नाही, मला खात्री नव्हती.

मेट्रोत मुलगी माझ्यापासून लांब, दाराशी जाऊन उभी राहिली. घाटकोपरला बस येईना, तेव्हा रिक्षा केली. रिक्षावाला म्हणाला, "चेंबूरला जाम आहे ताई." मी म्हटलं, "जाम असला तरी चला." नेहमी मी "बरं" म्हणून उतरले असते.

ऑफिसात डबा खाणारी तीच बाई होती. "आता आलात? शटर ओढणारच होते," म्हणाली. तिने एकेक कागद बघितला, मूळ दाखले, उत्पन्नाचा दाखला. मशीनमधून पावती आली. "वडील नाही आले?"

"ड्युटीवर आहेत."

"आई चालते. इथे सही करा."

मी सही केली. माझी सही म्हणजे माझं पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. वेळ लागतो. मागे माणसं होती, कोणी घाई केली नाही, आणि केली असती तरी मी तेवढाच वेळ घेतला असता.

भाऊजींनी मंडळात खरंच सांगितलं की आईने नाही म्हटलं. मी मुभा दिली होती, त्यांनी ती पुरेपूर वापरली. आता मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका माझ्याकडे बघून एकमेकींना कोपर मारतात. "हीच ती, अंधेरीला लाथ मारणारी." मारू देत. आधी मी तिथे गेले की नाही हे कोणाच्या लक्षातही यायचं नाही. भाऊजी आमच्याकडे कमी येतात. आले की पुन्हा पूर्वीसारखं, नवऱ्यामार्फत पाणी.

आणि हेही लिहायला हवं, कारण लिहायचं तर सगळं लिहायचं. मुलीला पहिल्या सहामाहीत गणितात केटी लागली. म्हणजे तेवढा पेपर पुन्हा द्यायचा. निकाल मोबाईलवर बघून तिने मोबाईल गादीवर फेकला. जाऊ दुसऱ्याच दिवशी हजर. ती वाईट बाई नाही, पण तिला पोटात ठेवता येत नाही.

"अंधेरीला असती तर असं झालं असतं का?"

"गणित अंधेरीला वेगळं असतं?" मी विचारलं.

"तसं नाही गो. तिकडे शिकवणारे चांगले असतात."

"असतील."

"मग? पश्चात्ताप नाही होत?"

मी कणीक मळत होते. खरं सांगायचं तर त्या रात्री मला झोप लागली नव्हती. चुकलं असेल का, असं मनात आलं होतं. अंधेरीचे शिकवणारे चांगले असतीलही. पोरगी तिथे वर साहेबांच्या मजल्यावर पोचली असतीही. ते मला आता कधी कळणार नाही. पण ते जावेला सांगायला मी बांधलेली नव्हते. "नाही होत," मी म्हटलं. "चहा घेणार का?"

मुलगी आता पोटमाळ्यावर बसून तेच गणित करते. कॉलेजातल्या एका सरांनी केटीवाल्या मुलांना सुट्टीत बसवून घेतलं, त्यालाही जाते. इलेक्ट्रॉनिक्स तिला आवडायला लागलंय का, ते मी विचारत नाही. परवा तिने बिघडलेला जुना रेडिओ उघडून सगळे भाग माझ्या पोळपाटावर पसरले. मी ओरडले, पोळपाट काढून घेतला, आणि तिला वर्तमानपत्र दिलं. रेडिओ अजून लागलेला नाही.

तिचा केटीचा पेपर पुढच्या महिन्यात आहे. सुटला तर सुटला. नाही सुटला तर ती पुन्हा बसेल, आणि पुन्हा बसण्यासाठी आम्हाला कुणाला विचारायला जावं लागणार नाही.